ही म्हणाली म्हणून

एकटं माणूस सुट्टीवर गेलं की बेतानं खातं आणि बेतानं खरेदी करतं. यात संयमाचा काही भाग नाही. दोष द्यायला जवळ कोणी नसतं, एवढंच. गरज नसलेली साडी घेतली तर ती आपणच घेतलेली असते आणि जेवण होऊन तास उलटायच्या आत कचोरी खाल्ली तर ते तोंडही आपलंच असतं. घरी सांगायचं काय? मैत्रीण बरोबर असली की हा प्रश्नच उरत नाही. साडी 'ही म्हणाली म्हणून' घेतली जाते आणि कचोरी 'हिला एकटीला संपली नसती म्हणून' खाल्ली जाते. तीही तिच्या घरी जाऊन हेच सांगते. दोन घरं दोन वेगळ्या स्टेशनांवर असली की उलटतपासणीची भीती नाही.

माझी मैत्रीण पार्ल्याला राहते, मी बोरिवलीला. माझ्या घरी ती उधळी बाई म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिच्या घरी मी खादाड म्हणून. या दोन्ही ख्याती आम्ही कॉलेजपासून खपून कमावल्या आहेत आणि वेळ आली की निभावतोही. मी तिच्याकडे जेवायला गेले की तिचे यजमान न विचारता माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढतात. मैत्रीसाठी काय काय सोसावं लागतं माणसाला!

डिसेंबरात आम्ही इंदूरला गेलो. तिची आतेबहीण तिथे लोकमान्यनगरात राहते. जन्म इंदूरचा, सासर इंदूरचं, त्यामुळे ताईंचं मराठी चहाला चाय म्हणतं आणि कोपऱ्याला नुक्कड. मांडू झालं, महेश्वर झालं, नर्मदेत पाय बुडवून झाले, पुण्य पदरात पडलं. आता एक अख्खा दिवस राखून ठेवला होता तो खरेदीला. खरं तर खरेदीला आणि खाण्याला. पण घरी फोनवर सांगताना आम्ही दोघीही 'खरेदीला' एवढंच म्हणालो. खरेदी हे कर्तव्य वाटतं. जावेला काहीतरी न्यायला हवं, भाचीचं लग्न आहे, कामवाल्या मावशींना कबूल केलंय. खाण्याला असा सामाजिक आधार नाही.

पण इंदुरात दिवसाची सुरुवात खाण्यानेच होते, त्याला कोण काय करणार? सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि आम्ही उठलो. 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षं हे गाव देशात स्वच्छतेत पहिलं आलं, आणि पहिल्या नंबरच्या मुलाच्या घरात असते तशी शिस्त गावभर आहे. मैत्रीण म्हणाली, "ताई, तुम्ही काही करत बसू नका. साधे पोहे टाका, बस." ताईंनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू आम्ही त्यांना घरी मीठ बनवायला सांगितलं. "पोहे घरी कोण बनवतं? नुक्कडवर जाऊ."

नुक्कडवर पोह्यांचा डोंगर होता. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर परात, परातीत पिवळे पोहे वाफेवर मऊ होत बसलेले. आपल्याकडे पोहे गरमागरम कढईतून बशीत येतात आणि दहा मिनिटांत वातड होतात. इथे सकाळभर वाफ घेत पडलेले असतात आणि तरी लुसलुशीत. तेल कमी, साखर जास्त आणि दाताखाली चक्क बडीशेप. पोहेवाल्याने कागदावर पोहे घेतले, त्यावर कांदा, त्यावर मूठभर शेव, शेवेवर जिरावन नावाचा तिथला मसाला, जिरावनावर लिंबू. मग थोडे डाळिंबाचे दाणे. एवढं झाल्यावर पोहे दिसेनासे झाले. शेजारी जिलबी. मैत्रिणीचं घराणं पोह्यांच्या बाबतीत कर्मठ आहे. तिच्या माहेरी फोडणीत शेंगदाणे घालावेत की नाही यावरून दोन काका काही काळ बोलत नव्हते असं म्हणतात. तिने बडीशेपेचा दाणा बोटाने बाजूला काढला, निरखला आणि परत पोह्यांत ठेवला.

"हे आपलेच पोहे आहेत," ताई म्हणाल्या. "होळकरांबरोबर आले."

"येताना वाटेत बरंच काही गोळा केलेलं दिसतंय," मैत्रीण म्हणाली आणि दुसरी प्लेट मागवली. खात्री करून घ्यायला. संपल्यावर माझ्याकडे बोट दाखवून ताईंना म्हणाली, "हिला जिलबी हवी आहे अजून." मी हवी असं म्हणाले नव्हते. पण तिच्यासाठी मी तेवढं केलं.

कागद टाकायला गेलो तर दोन डबे, ओला आणि सुका. शेव चिकटलेला कागद ओला की सुका? आम्ही दोघी पदवीधर बायका तिथे कागद हातात धरून उभ्या. मागून सायकलवर बसलेला एक शाळकरी मुलगा शांतपणे म्हणाला, "आंटी, पहले झटको गीले में, फिर कागज सूखे में." आणि पायडल मारून गेला. दिवसभर मग आम्ही काहीही खाल्लं की आधी डबा शोधायचो. मुंबईच्या माणसाला ही सवय लागायला वेळ लागतो आणि मोडायला बोरिवली स्टेशन पुरतं.

ताईंनी आम्हाला राजवाड्यापाशी सोडलं. त्या येणार नव्हत्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "उद्या ग्यारस आहे, लक्षात आहे ना? जे काय खायचं ते आजच खाऊन घ्या." माझी मैत्रीण एकादशी करते. बाकी उपासांना तिची प्रकृती साथ देत नाही, पण एकादशी चुकवत नाही. तिने गंभीर चेहऱ्याने मान हलवली. त्या क्षणी दिवसाचं स्वरूप बदललं हे मला नंतर कळलं. आता ती खाणार ते हौसेसाठी नव्हतं. ती उपासाची तयारी होती.

राजवाडा आम्ही बाहेरून पाहिला. सात मजली वास्तू आहे, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1984च्या दंगलीत आगीत होरपळली आणि पुन्हा उभी केली. मैत्रिणीने मान वर करून सगळे मजले मोजले आणि म्हणाली, "छान आहे. साड्या कुठे?"

आता साडीचं सांगायला हवं, कारण या दिवसातला सगळ्यात जास्त वेळ आणि माझा सगळा धीर तिथे गेला. आदल्या दिवशी महेश्वरला किल्ल्यात आम्ही माग चालताना पाहिला होता. विणकर बाई पायाने पट्टी दाबत होती, हाताने धोटा सोडत होती आणि काठावरची नक्षी रेषारेषांनी वर सरकत होती. हे माग तिथे आले ते अहिल्याबाईंच्या कृपेने. त्यांनी राजधानी महेश्वरला नेली, विणकर आणून वसवले आणि किल्ल्याच्या भिंतींवरची, घाटावरची नक्षी साड्यांच्या काठांवर उतरली. चटई, वीट, हिरा, चमेली, आणि नर्मदेच्या लाटा. मला तिथेच एक साडी घ्यायची होती. मैत्रिणीने हात धरून बाहेर काढलं. "इथे कशाला? पर्यटक म्हणून दुप्पट लावतात. इंदूरला बाजारात मिळतील."

आता इंदूरच्या बाजारात गादीवर बसून, समोर साड्यांचा ढीग पडलेला असताना ती म्हणाली, "महेश्वरला स्वस्त होत्या."

दुकानदार पोक्त माणूस होता. त्याने उत्तर दिलं नाही. असं म्हणणारी ती त्याची त्या सकाळची पहिली बाई नसावी. त्याने फक्त एक साडी झटकून पसरली आणि काठ उलटा केला. महेश्वरीचा काठ दोन्ही अंगांनी सारखाच असतो, कुठूनही नेसा. मग पदर उलगडला. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. बोलला काही नाही. नुसता काठ उलटा, सुलटा, उलटा. ही विक्रीची पद्धत फार घातक आहे. बोलणाऱ्या दुकानदाराशी वाद घालता येतो. गप्प बसणाऱ्यापुढे बाई स्वतःच साडीची बाजू मांडायला लागते.

"रंग काय सुरेख आहे गं," मी म्हणाले.

मैत्रिणीने मला चिमटा काढला. तिच्या शास्त्रात भाव ठरेपर्यंत साडीला चांगलं म्हणायचं नाही. आधी रंगाला नाक मुरडायचं. मग पोत चिमटीत धरून 'हं' म्हणायचं. मग दुसऱ्याच साडीची चौकशी करायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चहा घ्यायचा नाही. दुकानदाराचा चहा प्यायला की जीभ मऊ होते आणि उठता येत नाही. तो पोऱ्या चहा घेऊन येताना दिसला की ती पाण्याची बाटली तोंडाला लावते.

मी चहा घेतला. इंदुरी चहा होता, डिसेंबर होता, त्यात आलं होतं. तिने माझ्याकडे फितूर माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"ये कौन सा कलर है भैया?" तिने विचारलं.

"डाळिंबी, दीदी. वो अंगूरी, ये जामला, वो गुलबक्षी."

झालं. डाळिंबी आणि गुलबक्षी असली घरातली नावं कानावर पडल्यावर मैत्रीण एकदम सैल झाली. पार्ल्याहून इतक्या लांब येऊन दुकानदार जर आजीच्या भाषेत रंग सांगायला लागला तर शास्त्र कुठवर टिकणार? तरी ती लढली. तो चार हजार आठशे म्हणाला, ती अडीच. तो हसला. ती उठली. मीही उठले, कप हातात घेऊनच, त्यामुळे आमच्या उठण्यात जोर दिसला नाही. दाराशी गेल्यावर मागून हाक यायला हवी असते. आली नाही. आम्ही चपला घातल्या. सावकाश घातल्या. माझ्या सँडलचा पट्टा तिने स्वतः वाकून लावून दिला, एवढा वेळ काढायचा होता. तरी हाक नाही. तो साड्यांच्या घड्या घालत होता, आणि आमची डाळिंबी त्याने मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवली होती.

आम्ही परत गेलो. "हिला फार आवडलीये हो," मैत्रीण दुकानदाराला म्हणाली, "काय करणार?" चार हजार तीनशेला ठरलं. डाळिंबी तिने घेतली. मला फार आवडली होती म्हणून.

मग माझ्यासाठी एक अंगूरी निघाली. मी खरोखर नको म्हणत होते. कपाटात जागा नाही, नेसायला प्रसंग नाहीत. त्यावर मैत्रिणीने शांतपणे सांगितलं, "अहिल्याबाईंच्या गावी जाऊन आलीस आणि रिकाम्या हाताने जाणार?" सतराव्या-अठराव्या शतकातल्या माणसांना आपल्या खर्चात ओढणं हा मराठी माणसाचा हक्कच आहे. गडावर गेलं की महाराजांच्या नावाने पिठलं-भाकरी, आणि इथे देवी अहिल्याबाईंच्या नावाने अंगूरी. 1767 ते 1795 इतकी वर्षं त्या बाईंनी राज्य केलं, देशभर घाट बांधले, विहिरी खणल्या, देवळं उभारली आणि स्वतः पांढऱ्या वस्त्रात राहिल्या. त्यांच्या स्मृतीला वंदन म्हणून मी अंगूरी घेतली. घरी हेच सांगितलं. कोणाची काही बोलायची टाप झाली नाही.

ओढणीचं, उशांच्या अभ्र्यांचं आणि पितळेच्या एका छोट्या घंटेचं मी फार सांगत नाही. शीतलामाता बाजारात जे होतं ते सगळ्या बायकांचं सगळ्या गावांत होतं. एक रिकामी पिशवी मैत्रिणीच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेली असते, 'लागली तर'. ती पिशवी दुकान नंबर दोनलाच बाहेर येते आणि शेवटी तिचे बंद तुटायला आलेले असतात. त्या पिशवीत कोणाचं काय आहे हे परतल्यावर ठरवायचं असतं आणि त्यावरून पुढे आठवडाभर फोन चालतात.

पण शेवेच्या दुकानाबद्दल बोलायलाच हवं. इंदुरात शेव विकत घ्यायला गेलेला माणूस शेव खाऊनच बाहेर पडतो. काचेच्या मागे ढीग लावलेले, लवंगी शेव, रतलामी, पालक, टोमॅटो, खट्टा-मीठा, आणि काउंटरवरचा पोरगा विचारायच्या आत तुमच्या तळहातावर चिमूट टाकतो. चिमूट म्हणजे आपल्याकडची वाटी. 'चखो.' चाखलं की दुसरी. पहिल्या तीन प्रकारांपर्यंत आम्ही खरोखर चव घेत होतो. मग लवंगीची आठवण पुसट झाली म्हणून ती पुन्हा. मग तुलनेसाठी रतलामी. मैत्रीण डोळे मिटून चावत होती. तिचा चेहरा इतका एकाग्र होता की मागच्या ग्राहकाने आम्हाला वाट करून दिली. शेवटी पाव किलो लवंगी आणि जिरावनाच्या पुड्या घेतल्या. हातावरचे तुकडे मी ओल्या डब्यात झटकले.

"आता जेवायला नको," मी म्हणाले.

"नकोच," ती म्हणाली. "नुसतं दाल-बाफले बघू कसे असतात."

दाल-बाफले नुसते बघता येत नाहीत. जाड दळलेल्या गव्हाच्या कणकेचा गोळा आधी उकळतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. इथपर्यंत स्वयंपाकघरात. पुढचं ताटात. वाढपी आला, बाफला मुठीत धरून फोडला आणि त्या भुग्यावर तुपाची वाटी उपडी केली. आपल्याकडे तूप 'घेऊ का' असं विचारून चमच्याने वाढतात आणि घेणाराही दोन बोटं वर करून 'पुरे, पुरे' म्हणतो. हा विधी इथे नाही. मी दोन बोटं वर केली तर त्याने दोन बाफले आणखी ठेवले. वर आंबट वरण, बाजूला कढी, हिरवी चटणी आणि लाडू. लाडूही बाफल्याच्याच गोत्रातला, त्यातही तूप.

मैत्रिणीने पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या उपास आहे म्हणून ठीक आहे."

दाल-बाफल्यानंतर माळव्यात झोपतात. ही तिथली रीत नसेल तर असायला हवी. आम्ही ताईंकडे जाऊन आडव्या झालो. उठलो तेव्हा बाहेर अंधार पडायला लागला होता आणि दोघींचंही एकमत झालं की आता रात्री काहीही खायचं नाही. फक्त सराफा बघून यायचा. 'बघून' हे क्रियापद आम्ही त्या दिवशी फार वापरलं.

सराफ्याची गंमत अशी की दिवसा ती सोन्याची गल्ली असते आणि रात्री खाण्याची. आठच्या सुमारास सराफ एकेक करत शटर ओढतात आणि त्याच शटरसमोर, त्याच पायऱ्यांवर कढया येऊन बसतात. सोनारांना म्हणे हे सोयीचं वाटतं. रात्रभर दारात गर्दी असली की चोर येत नाही. आम्ही थोड्या लवकर पोचलो, म्हणजे दुकानं उघडी असताना. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून सराफाच्या दुकानात शिरायला बायकांना धाडस लागतं. मैत्रिणीकडे ते आहे. तिने एक ठुशी गळ्याला लावून पाहिली, आरशात मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि भाव ऐकल्यावर मला म्हणाली, "तुला नाही आवडली ना? मला वाटलंच." माझं मत कोणी विचारलं नव्हतं. मी लगेच मान हलवली. मैत्री अशा वेळीच कामाला येते. दुकानदारही समजूतदार होता, त्याने ठुशी परत ठेवली आणि दिवा मालवायला घेतला. आम्ही पायरी उतरलो आणि त्या पायरीवर भुट्ट्याचा किस उतरला.

मक्याची कोवळी कणसं किसून, फोडणीत परतून, दुधात शिजवलेला तो किस द्रोणात आला. वर लिंबू, कोथिंबीर, जिरावन. मघाचा 'काहीही खायचं नाही' हा ठराव इथे दुरुस्त करावा लागला. नवा ठराव असा की एकात दोघींनी खायचं. हा हिशेब वरवर काटकसरीचा दिसतो. एक प्लेट दोघींत म्हणजे निम्मं खाणं. पण पोटात जागा उरली की जीव मोकळा होतो आणि माणूस पुढच्या गाड्याकडे वळतो. एकेक पूर्ण प्लेट घेतली असती तर तीन पदार्थांत आडव्या झालो असतो. एकात दोघी केल्यामुळे अख्खी गल्ली झाली. पाणीपुरीला तिकडे पताशे म्हणतात, ते झाले. थंडीचे दिवस, म्हणून गराडू होता. कंदाच्या फोडी तळून, मसाला आणि लिंबू मारून देतात. बाहेरून कडक, आत मऊ, जीभ भाजते आणि तरी थांबवत नाही. एका कढईत जलेबा तळत होता. जिलबीच, पण एक उचलायला दोन हात लागावेत एवढी, आणि वजनावर विकतात. आम्ही तिच्याकडे आदराने पाहिलं आणि पाव तुकडा मागितला. मिळाला नाही. अख्खा घ्यावा लागला. हे आमच्या इच्छेविरुद्ध झालं.

जोशींच्या दहीवड्यासमोर गर्दी गोल करून उभी होती. वडा दह्यात घालून द्रोण वर हवेत फेकायचा, तो गिरकी घेऊन खाली झेलायचा आणि दही एक थेंब सांडू द्यायचं नाही, हा तिथला प्रसिद्ध प्रकार. मग एकाच चिमटीत चार-पाच मसाले उचलायचे आणि बोटांच्या फटींतून एकेक वेगळा टाकायचा. आधी मीठ, मग तिखट, मग जिरं. द्रोण वर गेला तेव्हा मैत्रिणीने माझा हात गच्च धरला. साडीच्या भावात तिने मला इतकं जवळ केलं नव्हतं. द्रोण खाली आला, दही जागच्या जागी. तिने सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "हे घ्यायलाच हवं. त्याच्या मेहनतीचा मान म्हणून."

आता काहीतरी हलकं प्यावं असं मीच सुचवलं. शिकंजी लिहिलेली पाटी दिसली. आपल्या डोक्यात शिकंजी म्हणजे लिंबू-पाणी, काळं मीठ, ढेकर. ग्लासात आलं ते घट्ट गोड दूध, त्यात सुकामेवा, केशर. चमच्याने खायचं. इंदूरची शिकंजी अशीच असते. मैत्रिणीने चमचा घातला, चाटला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हलकं म्हणे." पण सोडली नाही. दूध उपासाला चालतं.

बाराला थोडी मिनिटं होती. गल्लीत अजून पोरंटोरं, नवी लग्नं झालेली जोडपी, मफलर गुंडाळलेले आजोबा, सगळं गाव जागं होतं. मध्यरात्री बाळाला रबडी चाटवणारी बाई मी तिथेच पाहिली. मैत्रीण घड्याळ बघत होती. मला वाटलं, झोप आली असेल.

"बारा वाजले की एकादशी," ती म्हणाली. "म्हणजे पाच मिनिटांत मालपुवा संपवावा लागेल."

मालपुवा संपला. बारा वाजले. समोर साबुदाण्याच्या खिचडीचा गाडा होता. परातीत वाफवलेला पांढरा साबुदाणा, आणि ग्राहक आला की त्याच्यासमोर त्यात मसाला, तिखट, लिंबू, बटाट्याचा चिवडा, कोथिंबीर घालून भराभर कालवायचा. पोह्यांवर घराण्याचा अभिमान असलेल्या बाईला साबुदाण्यावर किती असेल याची कल्पना करा. दाण्याचं कूट कुठाय? तुपातली जिऱ्याची फोडणी कुठाय? तिने सगळं ऐकवलं. मराठीत, म्हणून तो हसून ऐकत राहिला. मग म्हणाली, "द्या एक. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते काय उगीच?"

"पण तिथी सूर्योदयाला लागते ना?" मी आपलं विचारलं. आमच्याकडे आजी तसं मानायची. रात्री बाराला तारीख बदलते ती कॅलेंडरची. एकादशी सकाळी.

मैत्रीण थबकली. हा मुद्दा तिच्या ध्यानात आला नव्हता. तिने आकाशाकडे पाहिलं. सराफ्यात आकाश फारसं दिसत नाही, तारा आणि दिवेच दिसतात. मग मनात काहीतरी हिशेब करत खिचडीवाल्याकडे पाहिलं. त्याने द्रोण भरला होता आणि दोन डब्यांवर हात ठेवून तो उभा होता.

"ऊपर क्या डालूं माताजी, फरियाली मिक्चर या सेव?"

"हिला विचारा," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिनेच घड्याळात पाहिलं.

"सूर्योदयाला अजून सहा-सात तास आहेत. सेव टाका. आणि ते फरियालीपण थोडं."